एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटरचं तळं

"शनिवारी आपण सगळे तळ्यावर जायचं," नव्या मॅडमनी जाहीर केलं, आणि हेडक्लार्क नानांच्या कपातला चहा बशीत, बशीतला फायलीवर आणि फायलीवरचा पँटीवर गेला.

"कोणत्या तळ्यावर, मॅडम?" नानांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण माणूस फाशीची तारीखसुद्धा दोनदा विचारून घेतो.

"आपल्या अकराव्या. डोंगरावरच्या."

पाणीपातळी शाखा म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि तीन माणसं. तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलेल्या मॅडम, छत्तीस वर्षं तिथेच असलेले नाना आणि टायपिस्टबाई. शाखेकडे अकरा तळी होती. कोणत्या तळ्यात किती पाणी आहे, ते दर महिन्याच्या पाच तारखेला मुख्य कार्यालयाला कळवायचं, एवढंच काम. दहा तळी सपाटीवर होती आणि तिथले नोंदणीदार फोनवर आकडे सांगत. अकरावं तळं डोंगराच्या माथ्याशी होतं.

"मॅडम, ते साडेतीन हजार मीटरवर आहे."

"तीन हजार पाचशे चाळीस. गाइड ठरवलीय. सकाळी वर, संध्याकाळी खाली."

"वरिष्ठांची परवानगी लागेल."

"आणली."

"माझे गुडघे..."

"चालण्यासारखं औषध नाही गुडघ्यांना."

"घरी विचारावं लागेल."

"त्यांनाही घेऊन या!" मॅडम हसून म्हणाल्या. "नाना, मी लहान मुलीसारखी वाट बघतेय शनिवारची. तुम्हाला काय, तुम्हाला पाठ असेल ते तळं."

टायपिस्टबाईंनी मशीनमागून मान वर काढली. "पण नाना कधी..." एवढ्यात नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मान परत मशीनमागे गेली.

नानांनी ते तळं जन्मात पाहिलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वीपर्यंत एक नोंदणीदार दर महिन्याला वर जाऊन पाण्यातली मोजपट्टी वाचून येई. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस द्यावा, असं नानांनी मुख्य कार्यालयाला लिहिलं. "मागणी विचाराधीन आहे," असं उत्तर आलं, आणि ती अजून विचाराधीनच आहे. इतका विचार कुणी लग्नाचाही करत नाही. पण विचार चालू असला तरी पाच तारीख यायची थांबत नाही. आणि नोंदणीदाराविना आलेल्या पहिल्याच महिन्याच्या चार तारखेला, लग्नानंतर चौदा वर्षांनी, नानांना मुलगी झाली.

नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ऊबदार बोचकं त्यांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "वजन तीन किलो, लांबी पन्नास सेंटिमीटर." त्या बोचक्याने एक डोळा उघडून नानांकडे पाहिलं, हा माणूस चालेल असं ठरवलं आणि डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसात आले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच. तक्ता पुढे ओढला, दहा आकडे भरले आणि अकराव्या रकान्यात लिहिलं: पन्नास. पेन हातात होतं, पण डोक्यात मुलगी होती. ही शुद्ध चूक होती, हे नाना कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगू शकत होते.

चूक लक्षात आल्यावर ते कबुलीचं पत्र लिहायला बसले, तोच मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: "तक्ता वेळेत मिळाला. अभिनंदन." आता अभिनंदन झालेली चूक दुरुस्त कशी करायची? नियमांच्या पुस्तकात त्यासाठी कलम नव्हतं.

पुढच्या महिन्यात प्रश्न पडला, पन्नासनंतर काय? मनाला येईल तो आकडा ठोकून देणं नानांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ऑफिसची टेप घरी नेली, छकुलीला पलंगावर आडवं केलं, तिचे मुडपलेले पाय हलक्या हाताने सरळ केले आणि मोजलं. चोपन्न. तक्त्यात लिहिलं, चोपन्न. ती उभी राहायला लागल्यावर दाराच्या चौकटीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी आडवी धरून मोजलं. अठरा वर्षं, दर महिन्याच्या चार तारखेला. एकदा ती शाळेच्या शिबिराला गेली होती, तर नाना दोन बस बदलून तिथे गेले, मोजलं आणि उभ्या उभ्या परत आले. शिबिरातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असा बाप पाहिला नव्हता त्यांनी. तळ्याचा नसेल, पण आकडा सेंटिमीटरला सेंटिमीटर खरा होता.

आणि आता चार महिन्यांवर निवृत्ती आलेली. छत्तीस वर्षांत एक मेमो नाही की एक लाल शेरा नाही. शनिवारी ते सगळं तळ्यात बुडणार होतं, आणि बुडायला तिथे पुरेसं पाणी आहे की नाही, तेही नानांना माहीत नव्हतं.

"अहो, सांगून टाका ना सरळ," बायको म्हणाली.

"काय सांगू? तळं म्हणजे आमची छकुली आहे म्हणून?"

"मग जाऊ नका."

"त्या एकट्या जातील."

"मग छकुलीला न्या बरोबर. गुडघे आखडले तर हाताला तरी धरेल."

हे नानांना पटलं. गुन्ह्याचा पुरावा आपल्याच हाताने, डबा बांधून घटनास्थळी नेणारे आपण पहिलेच, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता बसने सगळ्यांना पायथ्याशी सोडलं. गाइड पन्नाशीची, काटक बाई होती. वर निघालेली ही माणसं आहेत की बटाट्याची पोती, याचा अंदाज घ्यावा तसं तिने सगळ्यांकडे पाहिलं. टायपिस्टबाईंच्या पाठीवर दोन स्वेटर, छत्री, गरम पाण्याची पिशवी आणि घरातल्या चपला होत्या.

"चपला कशाला, बाई?"

"वर पोचल्यावर पायांना बरं वाटायला."

गाइडबाईने चपलांवरून नजर काढली आणि तीन बोटं वर केली. "नियम तीन. हळू चाला. पाणी पीत राहा. आणि घड्याळात एक वाजला की असाल तिथून मागे फिरायचं. वर दुपारनंतर हवा फिरते. तळं दहा पावलांवर असलं तरी मागे."

नानांचा चेहरा उजळला. "दहा पावलांवर असलं तरी?"

"दोन पावलांवर असलं तरी."

"वा! नियम म्हणजे असा पाहिजे," नाना भक्तिभावाने म्हणाले.

त्यानंतर नानांच्या बुटांच्या लेस सुटू लागल्या. पहिल्या अर्ध्या तासात सहा वेळा सुटल्या. मग त्यांना दगडांमध्ये गोडी वाटू लागली, मग फुलांमध्ये. टायपिस्टबाई दमल्या का, हे ते दर वळणावर त्यांना विचारत, आणि त्या "नाही" म्हणाल्या तरी "संकोच करू नका" म्हणून बसवत. साडेआठ वाजले तरी खाली बस दिसत होती, बसमधला ड्रायव्हर दिसत होता आणि त्याची जांभईसुद्धा दिसत होती.

"काका, तुम्ही पुढे या," गाइडबाई म्हणाली.

"मी मागेच बरा आहे हो."

"सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. त्याच्या पावलाने बाकीचे. डोंगरातली रीत आहे ती. शिवाय माझ्या डोळ्यांसमोर लेस सुटत नाहीत कुणाच्या."

अशा रीतीने नाना मोहिमेच्या अग्रभागी आले. मागून गाइडबाई ढकलत होती, तिच्यामागे टायपिस्टबाई धापा टाकत होत्या आणि शेवटी, नानांच्या हाताच्या आणि डोळ्यांच्या टप्प्याबाहेर, मॅडम आणि छकुली गप्पा मारत येत होत्या. कानाचा टप्पा तेवढा उरला होता, आणि तोच नसता तर बरं, असं नानांना लवकरच वाटू लागलं.

"तुला सांगते, जगात असं दुसरं तळं नसेल," मॅडम सांगत होत्या. "पावसाळ्यात वाढत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. पहिल्या वर्षी पंचवीस सेंटिमीटर चढलं, पुढे दरवर्षी सहा-सात, आणि आता तीन वर्षं जागच्या जागी. शिस्तीत! माझा प्रबंध यावरच आहे. त्यात मी त्याला नाव दिलंय, ऋतुनिरपेक्ष तळं. त्या प्रबंधामुळेच तर ही जागा मिळाली मला."

नानांचा पाय घसरला.

"बाराव्या वर्षी तर एकदम झेप. वर्षात आठ सेंटिमीटर!"

"माझंपण अगदी तस्संच झालेलं," छकुली म्हणाली. "सातवीत. सगळे फ्रॉक गुडघ्यांच्या वर. आई वैतागलेली नुसती."

"आणि सातव्या वर्षी एक गूढ आहे. एका महिन्यात तीन सेंटिमीटर पाणी गायब. तळाशी भेग पडली असणार आणि नंतर आपोआप बुजली असणार. त्या भेगेवर मी अकरा पानं लिहिलीत."

"छकुली!" नाना पुढून ओरडले. "इकडे ये, मला चक्कर येतेय!"

गाइडबाईने त्यांचं मनगट धरलं, डोळ्यांची पापणी वर करून पाहिली. "नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे. चला."

आता झाडं संपली होती. उरली होती गुडघ्याएवढी झुडपं, सैल दगड आणि विरळ हवा. तीन पावलं चाललं की चौथ्याला श्वास मागून घ्यावा लागे. अशा हवेत माणसाने गप्प बसावं. पण छकुलीची फुप्फुसं अठरा वर्षांची होती, आणि मॅडमवर तिचा जीव जडला होता.

"आमच्याकडे ना, दर महिन्याच्या चार तारखेला माझी उंची मोजतात. अजूनही! मैत्रिणी हसतात मला. बाबांना म्हटलं, तीन वर्षं झाली, मी एकशे अठ्ठावन्नवर अडकलेय, आता काय मोजायचं? तर म्हणतात, अंदाजाने काही धरू नये."

मागची पावलं थांबली.

"किती म्हणालीस?"

"एकशे अठ्ठावन्न."

"आणि तारीख?"

"चार. का हो?"

मॅडमनी एका दगडाला टेकून बोटांवर काहीतरी मोजलं. थोड्या वेळाने त्यांनी अगदी हळू विचारलं, "जन्मलीस तेव्हा किती होतीस गं?"

"पन्नास," छकुली म्हणाली. "आईने दुपट्याला चिठ्ठी टाचून ठेवलीय."

यानंतर मॅडम सपासप चालू लागल्या, इतक्या की डोंगरातली रीत मोडून त्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. बारा चाळीसला शेवटची चढण संपली. नानांनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं हातात होती. आयुष्यभर वक्तशीरपणा जपलेल्या माणसाला त्याचा इतका तिटकारा कधी आला नसेल.

आणि समोर तळं होतं.

ते लहान होतं. नानांना उगाच वाटत होतं की एवढ्या वर्षांत ते चांगलं उंचपुरं झालेलं असेल. तीन बाजूंनी कडे, कड्यांच्या खाचांत वितळायला विसरलेला बर्फ, आणि मध्ये निळंशार, स्वच्छ, मुकं पाणी. वारा आला की त्याच्यावर शहारा उठे आणि विरून जाई. नाना बघतच राहिले. घरी एकीला त्यांनी दर महिन्याला मापलं, तिच्या तापात उशाशी बसले, तिच्या पहिल्या दाताची तारीखही त्यांना पाठ होती. आणि ही दुसरी, त्यांच्याच नोंदवहीत नाव घातलेली, इथे एकटी पडून होती. एकदाही कुणी विचारपूस केली नव्हती. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

"मोजपट्टी कुठे आहे?" मॅडमनी कोरड्या आवाजात विचारलं.

"ती लोखंडी होय?" गाइडबाई म्हणाली. "बर्फाने उखडली ती. वीस वर्षं झाली. माझ्या गोठ्याचं दार लावायला आडणा केलाय. मजबूत आहे हं."

"वीस?" नानांचे कान टवकारले. "पण नोंदणीदार तर अठरा वर्षांपूर्वीपर्यंत..."

"ते आजोबा? ते आमच्याकडे चहा प्यायचे आणि खालच्या खाली परत जायचे."

"म्हणजे मनाने आकडे लिहीत होता तो?" नाना संतापाने कडाडले. "न मोजता? हा सरळ सरळ खोटेपणा आहे!"

मग सगळे आपल्याकडे बघताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. छकुलीसुद्धा. नाना एका दगडावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बोचकं, पन्नास, अभिनंदन, चौकट, सगळं. टायपिस्टबाई चपला बदलता बदलता एक पाय हवेत धरून ऐकत राहिल्या.

"अय्या," त्या म्हणाल्या. "आणि मी म्हणायची, काय गुणी तळं आहे."

"बाबा!" छकुलीला हसू आवरेना आणि रडूही. "म्हणजे मी सरकारी आहे?"

मॅडम मात्र पाण्याकडे बघत उभ्या होत्या. "सातवं वर्ष," त्या म्हणाल्या. "तीन सेंटिमीटर."

"केस कापले होते, मॅडम," नाना खालच्या मानेने म्हणाले. "फार दाट होते. डोक्यावर पट्टी टेकायचीच नाही नीट. पण शाळेत उवा झाल्या, म्हणून..."

"उवांवर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अकरा पानं लिहिलीत मी."

नानांनी खिशातून कागद काढला. "मी लेखी कबुली देतो. तुमच्या प्रबंधाला धक्का लागता कामा नये. माझ्या एकट्याचा दोष आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, छकुलीकडे पाहिलं, आणि पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी बॅगेतून टेप काढली. जुनी पट्टी ज्यावर उभी असे, तो दगडी ओटा पाण्यात स्पष्ट दिसत होता. "छकुली, उतरशील? थंड आहे हं."

छकुली बूट काढून किंचाळत पाण्यात शिरली, ओट्यावर टेपचं टोक धरलं आणि ओरडली, "त्रेसष्ट!"

"पुन्हा बघ," बाप म्हणाला. सवयच ती.

"त्रेसष्टच, बाबा! पाय गळून पडतील माझे!"

"पाच तारखेला त्रेसष्ट जाईल," मॅडम म्हणाल्या. "माझा प्रबंध गेला तर गेला. मी इथवर चढून आले ती खरं तळं बघायला. आता बघितल्यावर खोटं कसं लिहू? कबुलीबिबुली मग बघू, नाना. आधी आकडा जाऊ दे."

"एक वाजला," गाइडबाई म्हणाली, आणि सगळे मागे फिरले. उतरताना नानांची एकही लेस सुटली नाही. अठरा वर्षांचं ओझं उतरलेला माणूस होता तो. पायथ्याशी पोचल्यावर बसमध्ये बसल्या बसल्या लेकीच्या खांद्यावर मान टाकून ते असे झोपले की ड्रायव्हरला हेवा वाटला.

पाच तारखेला त्रेसष्ट गेला, मॅडमच्या सहीने.

आठवड्याभरात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. "अकराव्या तळ्याची पातळी एकशे अठ्ठावन्नवरून त्रेसष्टवर येणे शक्य नाही. नोंद दुरुस्त करून पाठवावी."

मॅडमनी लिहिलं की आपण प्रत्यक्ष वर जाऊन, चार साक्षीदारांसमोर पाणी मोजलं आहे. सोबत फोटो जोडले.

दुसरं पत्र आलं. "प्रत्यक्ष पाहणीत मानवी चूक होऊ शकते. फोटोतील तळे दुसरे असावे. या तळ्यावर एका नामांकित विदुषीने सखोल संशोधन केले असून त्यानुसार ते ऋतुनिरपेक्ष आहे. आपल्या मार्गदर्शनासाठी प्रबंधाची प्रत सोबत जोडली आहे. विशेषतः सातव्या वर्षाच्या घटीवरील अकरा पाने काळजीपूर्वक वाचावीत."

मॅडमनी ती घरी नेऊन, दार लावून वाचली. मग त्यांनी तिसरं उत्तर लिहिलं की ही विदुषी मीच आहे आणि माझं चुकलं आहे.

त्याचं उत्तर तर तीन दिवसांतच आलं. मुख्य कार्यालय इतकं चपळ असू शकतं, हे नानांना छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. "संशोधन एकदा मान्य झाल्यावर लेखिकेस त्यात बदल करण्याचा अधिकार राहत नाही. आज सायंकाळी पाचपर्यंत योग्य आकडा न आल्यास तक्त्यास जबाबदार हेडक्लार्क यांना मेमो देण्यात येईल व त्यांचे निवृत्तिवेतन रोखण्याचा विचार केला जाईल."

मॅडम पत्र हातात घेऊन उठल्या आणि नानांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. घड्याळात सव्वाचार झाले होते. नाना उठून उभे राहिले.

"मेमो घेतो मी, मॅडम," ते म्हणाले. "एक तर एक. खऱ्या आकड्यापायी मिळतोय, वाईट नाही."

टायपिस्टबाईंनी नाक ओढलं. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. दूरवर डोंगराची निळी कड दिसत होती. मग त्यांनी खुर्ची ओढली, कोरा तक्ता पुढे घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि नानांकडे न बघता विचारलं, "छकुली घरी आहे?"

नानांनी रिसीव्हर उचलला. मग त्यांनी फोन फिरवला. पलीकडे बायकोने टेप शोधली, छकुलीला हाका मारल्या, बरीच पळापळ ऐकू आली.

"काय आला?" मॅडमनी विचारलं.

नानांनी फोनवर हात ठेवला. "एकशे बासष्ट म्हणतेय ही."

"वाढली?"

"नाही. उद्या गाइडबाईबरोबर पुन्हा वर जायचंय ना तिला. नवे डोंगरी बूट घालून बघतेय, काढायला तयार नाही. ही म्हणते, चालेल ना तसंच?"

मॅडमचं पेन कागदाच्या वर थबकलं.

"बूट काढायला सांगा," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "खोटा आकडा माझ्या सहीने जाणार नाही."